बुरशी लागलेल्या पिशव्याही मोजा

संपादक महोदय,

खोलीभर जागेत, काड भरलेल्या पिशव्यांत धिंगरी (ऑयस्टर) अळंबी पिकवून कमाई केल्याच्या यशोगाथा वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. त्यात उत्पन्नाचा आकडा हमखास असतो, पण हिरवी बुरशी लागून उकिरड्यावर गेलेल्या पिशव्यांचा कधीच नसतो. त्या वाचून नवखा माणूस पहिल्याच खेपेला दोनशे पिशव्या भरतो. त्यातल्या निम्म्या नासल्या की 'हे आपलं काम नाही' म्हणून तो शेड बंद करतो.

सुरुवात दहा पिशव्यांनी करावी, आणि त्या विकण्यासाठी नव्हे तर शिकण्यासाठी भराव्यात. त्यासाठी दहा किलो कोरडे गव्हाचे काड आणि एक किलो ताजे स्पॉन (अळंबीचे बियाणे) पुरते. काड जुने किंवा पावसात भिजलेले नको. त्याचे तीन ते पाच सेंमीचे तुकडे करून रात्रभर भिजवावेत आणि मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावेत. नेमकी इथेच चूक होते. गार काड टाकताच पाण्याचे तापमान उतरते. ते पुन्हा ८० वर आल्यावर तास मोजायचा, काड टाकल्यापासून नाही. शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर इथे हजारोंचे नुकसान वाचवतो. बाविस्टिन-फॉर्मेलिन या रसायनांची पद्धतही चालते, पण एवढ्याशा कामाला गरम पाणी पुरे आणि खाण्याच्या वस्तूला तेच बरे.

काड निथळून पूर्ण गार होऊ द्यावे, कारण कोमट काडात स्पॉन मरते. मूठ घट्ट दाबल्यावर तळवा ओला व्हावा, पण थेंब पडू नये. मग काड आणि स्पॉनचे थरावर थर देऊन पिशवी भरावी, तोंड बांधावे आणि निर्जंतुक सुईने वीस-पंचवीस भोके पाडावीत. अंधाऱ्या खोलीत २४ ते २८ अंशांना पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते. पिशवीच्या आत खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त उष्णता असते, म्हणून पिशव्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत.

पिशवी बिघडली तर फेकण्यापूर्वी ती नीट पाहावी. दहाही पिशव्यांत हिरवे डाग असतील तर काड नीट तापलेले नाही. एक-दोन पिशव्यांतच असतील तर दोष हाताचा किंवा भांड्याचा. बुरशी स्पॉनच्या दाण्यापासूनच पसरत असेल तर स्पॉनच खराब होते. तळाशी पिवळे पाणी आणि आंबूस वास आला की काड जास्त ओले राहिले असे समजावे. कोंब आल्यावर दांडा लांब आणि छत्री बारकी राहिली तर खोलीत हवा खेळत नाही. छत्रीच्या कडा वाळून तडकत असतील तर आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली आहे. तेव्हा पाणी गोणपाटावर आणि भिंतींवर मारावे, अळंबीवर धो धो नको.

प्रत्येक पिशवीवर भरल्याची तारीख, काडाचा प्रकार आणि स्पॉन कुठल्या खेपेचे ते मार्करने लिहावे. पुढच्या दहांत एकच गोष्ट बदलावी. पाच पिशव्या गव्हाच्या काडाच्या आणि पाच सोयाबीनच्या भुशाच्या, बाकी सारे तसेच. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर काय चुकले आणि काय जमले, दोन्ही कळत नाही. (हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.) एक किलो कोरड्या काडाला पहिल्या प्रयत्नात अर्धा किलो ताजी धिंगरी मिळाली तरी ठीक चालले आहे असे मानावे. एप्रिलमध्ये विदर्भात पांढरी धिंगरी फसली तर तो नशिबाचा दोष नव्हे. त्या दिवसांत उष्णता सोसणारी गुलाबी जात घ्यावी किंवा सरळ थांबावे.

काढणी छत्रीच्या कडा वर वळण्याआधी करावी. उशीर झाला तर बीजाणूंची भुकटी उडते आणि बंद खोलीत खोकला धरतो, म्हणून मास्क लावावा. ताजा माल खोलीत एक-दोन दिवसच टिकतो. त्यामुळे गिऱ्हाईक पिशव्या भरण्याआधी शोधायचे असते. उरलेली धिंगरी कडक वाळवावी. दहा किलोची साधारण एक किलो होते.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचा प्रकल्प आहे. पुढची यशोगाथा छापण्यापूर्वी तिथल्या तज्ज्ञांना ती दाखवावी. उत्पादकाला मात्र दोन प्रश्न जरूर विचारावेत : पहिल्या वर्षी किती पिशव्या फेकल्या, आणि घरखर्च तेव्हा कशावर चालला?

— एक धिंगरी उत्पादक, जि. सातारा