भरू नकोस, बाळा

महाल, नागपूर

प्रिय मनू,

काल तू फोनवर म्हणालीस, "आई, बाबांच्या ऑपरेशनचे बाकी म्हणून दवाखाना मागतोय त्या 27 हजारांसाठी कशाला डोक्याला ताप, मी ऑनलाइन भरून टाकते." बाबा शेजारीच बसले होते म्हणून बोलले नाही. आता लिहिते. भरू नकोस.

वसुलीवाल्याचे फोन तुला पुण्याला येतात हे कळल्यापासून बाबांचं जेवणात लक्ष नाही. किराण्याची उधारीही ज्यांनी कधी पहिल्या तारखेपुढे नेली नाही, त्यांच्या नावावर बाकी! मलाही आधी वाटलं, देऊन मोकळं व्हावं. पण दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशीची पावती काढून पाहिली, तर तिच्यावर स्वच्छ लिहिलंय, बाकी शून्य. मग धंतोलीला दवाखान्यात गेले आणि दोन तास काउंटरसमोर बसून तपशीलवार बिल घेऊनच उठले. ते मागणं रुग्णाचा हक्क आहे.

बाबांना सुट्टी मिळाली मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी. गर्दीमुळे ऑटो गांधी गेटपाशीच अडला आणि टाक्यांवर हात धरून, माझ्या खांद्याचा आधार घेत ते घरापर्यंत चालत आले. दुपारचा एक वाजला होता. या बिलात त्याच रात्री नऊची सलाईन आहे, दोन इंजेक्शनं आहेत, शिवाय दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची व्हिजिट आणि खोलीभाडं. रात्री नऊला बाबा आपल्या ओसरीवर मुगाची खिचडी खात होते गं! न वापरलेली औषधं मी मेडिकल काउंटरला परत केली होती, 4,180 रुपयांची. तेही वजा केलेले नाहीत. ती चिठ्ठी कॅलेंडरच्या खिळ्याला अजून लटकलेली आहे.

एक रक्कम मात्र खरी निघाली. हर्नियाचा पट्टा, 850 रुपये. तो घेतला होता आणि बिलात लावायचा राहिला होता. ते पैसे तिथंच भरले आणि पावतीवर "फक्त पट्ट्यापोटी" असं लिहून घेतलं, म्हणजे बाकीचं आपण कबूल केलं असं कुणाला म्हणता येणार नाही. तूही फोनवर "थोडे भरते, हप्ते करून द्या" असं बोलू नकोस. काय ते लेखी पाठवा, एवढंच सांग. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होईल असं तो वसुलीवाला म्हणाला ना? आपण कर्ज काढलेलंच नाही, दवाखाना म्हणजे बँक नव्हे. त्याला घाबरू नकोस.

परवा दवाखान्याला अर्ज दिला. कुठली रक्कम अमान्य आहे आणि का, ते ओळीओळीने लिहिलं, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडली आणि माझ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. केसपेपरच्या प्रतीही मागितल्यात. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे त्या 72 तासांत द्याव्या लागतात. नर्सनं इंजेक्शन दिलं असेल तर त्यात वेळेसकट नोंद असणारच.

उत्तर आलं नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागात तक्रार करीन. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दवाखान्याची पैसे देऊन घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 लाच ठरवलंय. आपण भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे, म्हणून फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण तोवर मी थांबणार नाही.

त्या डॉक्टरांनी बाबांना बरं केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्याशी माझं भांडण नाही. न घेतलेल्या सलाईनचे पैसे तुझ्या पगारातून जाऊ देणार नाही, इतकंच.

तुझ्या मोबाइलवर आलेले सगळे मेसेज तारखेसकट मला पाठव, फोन कधी कधी आले तेही लिहून काढ. पुढच्या तक्रारीला जोडायचे आहेत. आणि आज रात्री बाबांना फोन कर, पैशांचा विषय काढू नकोस.

तुझी,
आई