फोनवर सांगता येत नाही म्हणून लिहितोय

स्टुटगार्ट, जर्मनी
रविवार, १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आप्पा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तिळगुळाचं पार्सल पोचलं. एकही वडी फुटली नाही. मी ठीक आहे, हे पहिल्यांदा लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव खालीवर होणार नाही. ऑफिस, स्वयंपाक, खोली हे सगळं तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघताच, ते परत लिहीत नाही. पत्र अशासाठी की फोन नेहमी स्पीकरवर असतो, शेजारी आत्या नाहीतर काकू बसलेल्या असतात, आणि मग मी "मजेत" म्हणून मोकळा होतो.

आई, तू दिवाळीपासून विचारतेस, चेहरा का उतरलाय. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक डिप्रेशन आहे. सौम्य आणि मध्यम याच्या मध्ये कुठेतरी. नोव्हेंबरपासून पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची ती यायचीच. जेवणाला चव लागत नव्हती. कामावर जात होतो, काम करत होतो, पण शनिवार-रविवार अंथरुणातून उठावंसं वाटत नव्हतं. भारताची मॅच लावायची आणि स्कोअरसुद्धा बघायचा नाही, असं मला कधी झालं नव्हतं. इथे डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारला मावळतो, त्यात शहर खोलगट दरीत, त्यामुळे कितीतरी दिवस ऊनच दिसत नाही. त्याचाही यात वाटा आहे, पण सगळा दोष उन्हाचा नाही असं डॉक्टरांचं मत पडलं.

डॉक्टरकडे कसा गेलो ते सांगण्यासाठी इथली एक रीत सांगावी लागेल. तुम्हाला ती खरी वाटणार नाही. तिला केअरवोखे म्हणतात. आमच्या बिल्डिंगमध्ये झाडूवाला नाही. दर आठवड्याला एका बिऱ्हाडाची पाळी असते. पाळी आली की दाराच्या मुठीला दोरीने एक पाटी अडकवलेली सापडते. छोटी पाळी असेल तर आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, खिडकीची कड आणि कठड्याचा दांडाही पुसायचा. मोठी पाळी असेल तर तळघराचा जिना, अंगण, कचऱ्याचे डबे आणि फुटपाथ. बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत फुटपाथ मोकळा हवा, कुणी घसरून पडलं तर जबाबदारी आपल्यावर येते. जिना स्वच्छ असला तरी झाडायचाच. शनिवारी आटपायचं, कारण रविवारी आवाज करायचा नाही. झालं की पाटी शेजाऱ्याच्या मुठीला. इंजिनिअर असो की बँकेचा मॅनेजर, सगळे बादली घेऊन जिन्यात. १४९२ साली शहराच्या नियमांत घाण बाहेर नेण्याचं कलम आलं, तेव्हापासूनची ही रीत म्हणतात. शहराने सक्ती १९८८ मध्ये काढून टाकली, पण भाड्याच्या करारात अट असतेच. आई, तुला हे आवडेल. तू इथे असतीस तर तुझ्या जिन्याला कुणी बोट लावू शकलं नसतं.

डिसेंबरात माझी पाळी होती आणि माझ्याच्याने झाली नाही. पाटी मुठीला तशीच लटकत राहिली. तळमजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात. त्यांनी बेल वाजवली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मी दुपारी अंगावर रजई घेऊनच दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पाटी काढून घेतली आणि स्वतःच्या गुडघ्यांवर हात टेकत जिना झाडला. मी "राहू द्या" म्हणत होतो, त्या ऐकत नव्हत्या. संध्याकाळी मसूर आणि जाड ओल्या शेवया असं इथलं जेवण डब्यात घेऊन आल्या. डब्यावर एका डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. इथे पुष्कळ फॅमिली डॉक्टर नवे पेशंट घेत नाहीत. आजींनी आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी, कशात मन रमतं का, स्वतःला कमी लेखता का, मरावंसं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला मी "नाही" असं खरं उत्तर दिलं, आई, हे तू दोनदा वाच. रक्त तपासलं. थायरॉइड ठीक आहे. बी-१२ आणि डी ही दोन्ही जीवनसत्त्वं कमी निघाली, त्याची औषधं चालू आहेत. सकाळी नाश्ता करताना अर्धा तास दहा हजार लक्सच्या (म्हणजे खूप प्रखर उजेडाच्या) दिव्यासमोर बसतो. दिव्याकडे टक लावायची नाही, नुसतं समोर बसायचं. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत उजेडात चालून येतो. चालताना ठाण्याच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांची मराठीतली भाषणं ऐकतो. आपल्या भाषेत कुणी या विषयावर सरळ बोललं की बरं वाटतं. ११६११७ या इथल्या डॉक्टरांच्या भेटी मिळवून देणाऱ्या नंबरवरून मानसतज्ज्ञांची पहिली भेट मिळाली. पुढच्या नेहमीच्या भेटींसाठी काही महिने थांबावं लागेल, नाव नोंदवलंय.

आता तुमच्या मनात येईल ते एकेक. मी दारू पीत नाही. कुठल्या मुलीचं प्रकरण नाही. कंपनीत भांडण नाही. तुम्ही मला परदेशी पाठवलं म्हणून हे झालं, असं आप्पा मनाला लावून घेतील, तर तसं नाही. मी हट्टाने आलो आणि मला इथे राहायचं आहे. वेड लागत नसतं याने. गोळ्या सध्या नाहीत, काही आठवड्यांनी परत दाखवायचं आहे. तेव्हा लागतील असं म्हणाल्या तर मी घेणार. त्यांचं व्यसन लागत नाही, फक्त आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. थोडे दिवस रजा घेतली होती, पगार कापला नाही. आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार कंपनीने द्यायचा असा कायदा आहे, आणि आजार काय ते कंपनीला कळतही नाही. आई, जोतिबाला नारळ वाढवायचा असेल तर वाढव, दृष्ट काढायची असेल तर फोटोवरून काढ. मी चिडणार नाही. पण "मन घट्ट कर" एवढं म्हणू नकोस. मी ते रोज सकाळी करतो आणि त्यातच माझी निम्मी ताकद जाते.

आप्पा, एक तुमच्याबद्दल. २०१९ च्या पुरात ऊस कुजला, त्यानंतर तुम्ही कितीतरी दिवस कट्ट्यावर बसून असायचात. चहा गार व्हायचा. रात्री उठून गोठ्यात फेऱ्या मारायचात. आम्ही सगळे म्हणायचो, काळजी आहे, जाईल. डॉक्टरांचे ते नऊ प्रश्न वाचताना मला तुमचा तो कट्टा दिसत होता. तेव्हा आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि तुम्ही एकट्याने ते काढलंत. आता मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारचा फुकट नंबर आहे, टेली-मानस, चोवीस तास, मराठीत बोलतात. डायरीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुम्हाला लागला तर तुम्ही लावा. काकूंचा धाकटा नीटच्या अभ्यासाला खोलीत कोंडून बसलाय म्हणता, त्यालाही द्या.

पैशाचं. कर्जाचा हप्ता दहा तारखेला गेलाय, बँकेचा मेसेज आला असेल. डिसेंबरात घरखर्चाला कमी पाठवले ते दिव्यामुळे आणि हीटिंगच्या बिलामुळे, फेब्रुवारीत भरून काढतो. ताईच्या डोहाळजेवणाचे वेगळे पाठवलेत, त्यातले घरात वापरू नका. फेब्रुवारीत मी येत नाही. तिकीट महाग आहे हे एक, आणि आलो की सगळ्यांसमोर हसत बसावं लागेल, ते आत्ता जमणार नाही हे दुसरं. बारशाला नक्की येतो.

कराडच्या स्थळाचं. मुलगी चांगली आहे, फोटो पाहिला, घर चांगलं आहे, गुण जुळले हेही कळलं. मी नाही म्हणत नाही. दिवाळीपर्यंत थांबूया. का थांबायचं हे त्यांना खरं सांगा, "सुट्टी मिळत नाही" असं सांगू नका. आप्पा, तुम्हाला हे जड जाईल, चार लोकांत बोललं जाईल, मला समजतं. पण त्या मुलीला उद्या माझ्याबरोबर या शहरात, या अंधारात राहायचं आहे. तिला आधी माहीत हवं. ते थांबायला तयार नसतील तर राग धरू नका, माझंच नशीब म्हणून आईने रडूही नये. तुम्हाला बोलायला अवघड जात असेल तर त्यांच्या वडिलांचा नंबर द्या, मी बोलतो.

ठिबकच्या अनुदानाचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी वेबसाइटवर मी पुढच्या रविवारी इथूनच भरतो. सातबारा आणि आठ-अचे स्वच्छ फोटो शनिवारपर्यंत पाठवा, मागच्या वेळी कोपरा कापला गेला होता. ओटीपी आप्पांच्या मोबाइलवर येईल, तेवढा वेळ फोन चार्ज करून जवळ ठेवा.

तुमचा,
धाकटा