मंत्रीमहोदय, पोरीचा ड्रेस शिवून तयार आहे

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी शिंपी. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे. आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट सांगतो. माझी मुलगी यंदा, 2025 साली, 78 टक्क्यांनी दहावी झाली. 13 मेला निकाल लागला, त्याच रात्री मी तिच्या अकरावीच्या ड्रेसचं माप घेतलं. आकाशी कुर्ता, गडद निळी सलवार. ज्युनिअर कॉलेज दुकानापासून पाच मिनिटांवर. जुलै उजाडला, ॲडमिशनचा पत्ता नाही, ड्रेस अजून हँगरलाच आहे.

थोरल्याच्या वेळी दाखला, मार्कमेमो आणि दोन फोटो घेऊन गेलो होतो. प्राचार्यांनी सही केली, क्लार्कने पावती फाडली, अर्ध्या तासात घरी. तेव्हा अकरावीच्या ऑनलाइन ॲडमिशनचं प्रकरण मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावतीपुरतं होतं. यंदा आपण ते अख्ख्या राज्याला लावलंत. पारदर्शकता यावी, पालकांची धावपळ वाचावी म्हणून.

वाचली बरं का. 21 मेला नोंदणी सुरू होणार, म्हणून सकाळी दहाला पोरीला घेऊन नेट कॅफेत बसलो. चक्र नुसतं गरगर फिरत राहिलं. मग कळलं, साइटच बसली, आता 26 तारीख. 26ला ओटीपी येईना. तिसऱ्या दिवशी अर्जाचा भाग एक, म्हणजे पोरीची माहिती, भरला, शंभर रुपये फी आणि कॅफेवाल्याचे दीडशे. भाग दोन, म्हणजे कोणतं कॉलेज हवं ते, तोही भरला, पण तो लॉक झालाच नाही म्हणे. कॅफेवाला सर्व्हरला शिव्या घालतो, मदत केंद्रावरचे सर मला. 28 जूनला पहिल्या फेरीची यादी लागली, तिचं नाव नाही. कॉलेजात जाऊन पाहिलं तर सायन्सच्या निम्म्या जागा तशाच पडलेल्या. प्राचार्य म्हणाले, "मामा, सही करायला हात शिवशिवतोय, पण लॉगिनला पोरगी दिसायला नको का?"

राज्यात अकरावीच्या जागा 21 लाखांच्या वर आणि अर्ज बारा-तेरा लाख, असं पेपरात वाचलं. मी सातवी शिकलोय, पण एवढी वजाबाकी येते मला. जिथं बाक रिकामे राहतात तिथं रांग कशाला लावता? आणि शंभराप्रमाणे बारा लाखांचे बारा कोटी झाले. चक्र फिरवायला एवढा खर्च येतो?

बायको म्हणते, पत्र पोरीबद्दल लिहा, दुकानाचं रडगाणं नको. पण दुकानावरच तिची फी भरायची आहे, साहेब. जून हाच आमचा सीझन. मे महिन्यात आकाशी कापडाचे सहा तागे उधारीवर आणले, ते तसेच फळीवर आहेत. ॲडमिशनच नाही तर ड्रेस कोण शिवेल? आणि गणवेशाचं म्हणाल तर 2024 सालचा आपला 'एक राज्य, एक गणवेश' मी जवळून पाहिलाय. सातवीच्या पोराला चौथीचा शर्ट, काखेत उसवलेला. दुरुस्तीला माझ्याकडेच यायचे. डिसेंबरात योजना गुंडाळलीत आणि गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलात. आधी कापायचं आणि मग मापायचं, ही आपल्या खात्याची जुनी रीत दिसते.

पहिलीच्या लेकरांनी तिसरी भाषा कोणती शिकावी यावर 16 एप्रिलला एक निर्णय, 17 जूनला दुसरा, आणि 29 जूनला दोन्ही रद्द. म्हणजे मनात आलं तर रविवारीसुद्धा निर्णय फिरवता येतो. शहरात पोरं क्लासला बसतात आणि हजेरी कुठल्या तरी कॉलेजात लागते, ते पारदर्शक. आमची पोरगी खरंच वर्गात बसायचं म्हणते, तर तिला फेरीवर फेरी.

परवा शेजारची बाई स्थळ घेऊन आली. पोरगी सोळाची. "घरीच बसून आहे ना," म्हणाली. मी तिला हाकलली, पण त्या दिवसापासून पोरगी दुकानात येईना. वह्यांना खाकी कव्हरं घालून ठेवली होती, ती पेटीत टाकली.

मागणी एकच. ज्या कॉलेजात जागा उरल्यात तिथं प्राचार्यांना सही करू द्या. पुढच्या फेरीनंतर नको, या आठवड्यात. वर्ग ऑगस्टात सुरू होतील असं ऐकतो. वाढत्या वयाची पोरगी आहे, म्हणून कुर्त्याला दोन बोटं माया सोडली होती. ती बहुतेक आत्ताच उसवावी लागणार.

आपला,
एक शिंपी, एक बाप