सहा नंबरची फ्लॉपी

ठाणे, नौपाडा
रविवार, दुपार

प्रिय सुध्या,
स. न. वि. वि.

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन मेसेज आले, फोन येऊन गेला, आणि मी 'नंतर निवांत बोलू' म्हणत राहिलो. रागावला असशील तर तो राग मला मान्य आहे, पण पत्र शेवटपर्यंत वाच. आई ठीक आहे. गुडघे धरतात, डाव्या कानाने ऐकू येत नाही. माझी साखर ताब्यात. झाली तब्येत.

बिल्डिंग अखेर रीडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर जागा खाली करायची आहे, भाड्याचं घर कोलशेतला घेतलंय. गेले पंधरा दिवस मी माळा उपसतोय. परवा आईच्या पितळी डब्यांमागे ती निळी पेटी हाताला लागली. अकरा फ्लॉप्या. प्रत्येकीवर तुझं अक्षर, 'अण्णा १' ते 'अण्णा ११'. मी शिडीवरच बसलो.

फ्लॉपी वाचायची कशावर? १९९८ साली ॲपलने आयमॅकमधून फ्लॉपीची खाच काढून टाकली तेव्हा तू म्हणाला होतास, हे फार घाईचं झालं. आणि २०११ मध्ये सोनीने, जिने ही साडेतीन इंची फ्लॉपी आणली होती तिनेच, ती बनवणं थांबवलं. शेवटी लॅमिंग्टन रोडला एका दुकानात यूएसबीवर चालणारी ड्राइव्ह मिळाली. दुकानदाराने धूळ झटकून दिली आणि विचारलं, "काका, यात काय आहे एवढं?" मला सांगता आलं नाही.

घरी येऊन पहिली फ्लॉपी आत सारली. तो आवाज आठवतो ना, आधी खट्, मग कर्रर-कर्रर? आई स्वयंपाकघरातून ओरडली, "सुधीर आलाय का रे?" शपथेवर सांगतो, जसंच्या तसं. हा आवाज आणि तू तिच्या डोक्यात अजून एकाच जागी आहात.

त्याच लॅमिंग्टन रोडवरून ९६ साली आपण ते ४८६चं कॉम्प्युटर आणलं होतं. तुला त्याच्या पुढचा, इंटेलचा पेंटियम हवा होता, माझ्याकडे पैसे नव्हते. अण्णा तुझ्या बाजूचे, कारण पेंटियमवाले विनोद धाम पुण्यात जन्मले हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. ग्रँट रोडहून लोकल, दादरच्या पुलावर मॉनिटर हमालाच्या डोक्यावर, आणि तू त्याच्या मागे दोन्ही हात पसरून, जणू तो पडला तर तू झेलणार होतास. चौदा इंची तो डोंगर! दसऱ्याला आईने त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. आणि ब्रेन व्हायरसची गोष्ट? लाहोरच्या दोघा भावांनी १९८६ मध्ये तो केला आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घालून ठेवला, असं तू सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे चोर चिठ्ठी ठेवून गेला की!" आणि आईने विचारलं होतं, लागण झालेली फ्लॉपी वेगळी ठेवायची का, बाकीच्यांना लागेल म्हणून. किती हसलो होतो आपण. तिचं बरोबरच होतं, खरं तर.

असो. आता मुद्द्यावर येतो.

फाइली उघडल्या, आणि पडद्यावर अण्णांचं एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरांवर टोप्या, स्वल्पविराम, पौंडाची खूण, अर्धवट चौकोन. पानंच्या पानं. सुध्या, मला रडू आलं. आणि त्यातच आपलं ९६ सालचं भांडण आठवलं.

तू म्हणत होतास की मजकूर इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या संगणकी संकेतांत, ठेवू. कॉम्प्युटरला देवनागरी दाखवायला लावणारं जिस्ट कार्ड कुठून तरी मिळवतो, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करतो, डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, चार दिवसांत हात बसतो. मला ती अक्षरं ओबडधोबड वाटायची. मला गोखले रोडच्या छापखान्यातला तो फाँट हवा होता, अण्णांचं पुस्तक पुस्तकासारखं दिसायला हवं होतं. तू दहा वेळा सांगितलंस: इस्कीत 'क' हा 'क' म्हणून साठतो, या फाँटात फक्त आकार साठतो, इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचा मुखवटा. फाँट गेला की मुखवटा गेला, खाली उरेल कचरा. मी म्हटलं, फाँट कुठे जातोय? तू म्हणालास, "विन्या, मी तुझ्या भल्याचं सांगतोय." आणि मी तुला म्हटलं, भलं करायचं असेल तर गुपचूप टाइप कर.

ते वाक्य मी तुला बोललो होतो. तू विसरला असशील, मी नाही विसरलो. तुझंच खरं होतं. १९९१ साली आलेल्या युनिकोडमध्ये, आज सगळ्या भाषांसाठी चालतो त्या संकेतात, देवनागरी मांडली तीसुद्धा इस्कीच्याच धर्तीवर. तुझ्या पद्धतीने ठेवलं असतं तर आज एका झटक्यात सगळं वाचता आलं असतं.

तरी तू टाइप केलंस. फाँटचं डाँगल, म्हणजे जे लावल्याशिवाय तो फाँट चालायचा नाही ती किल्ली, शनिवारी रात्री छापखान्यातून आणायचं, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं, सोमवारी सकाळी परत. म्हणून सगळं काम रविवारी. आणि रविवारी माझी तुर्भ्याला ड्यूटी, तेव्हा ठाण्याहून तिकडे लोकलही नव्हती, बसचे धक्के खात घरी यायला रात्र व्हायची. म्हणजे अण्णांनी सांगायचं आणि तू टाइप करायचंस. त्यांच्या आयुष्याची अकरा प्रकरणं तू ऐकलीस. मी नाही ऐकली. छापायचे पैसे कधी जमले नाहीत, दोन वर्षांनी अण्णा गेले, आणि मला ती पेटी उघडवेना.

आता ऐक. सईने जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा एक कन्व्हर्टर शोधला, आमच्या त्या फाँटचाच. दहा फ्लॉप्या निघाल्या! पण कन्व्हर्टर अडाणी आहे. फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठवावी लागते. जोडाक्षर आलं की हा गोंधळतो. 'स्थिती'ची 'सि्थती' करून ठेवतो. रफार भलत्याच अक्षरावर टाकतो, आणि 'दुसऱ्या'तला र हमखास मोडतो. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकेक शब्द नीट करतोय. अण्णांचं शुद्धलेखन तुला माहीत आहे. एक ऱ्हस्व चुकला तर ताटावरून उठवायचे. आणि जिथे शब्द पुसट आहे तिथे मी अंदाजाने लिहितो, मग हात थांबतो. हा शब्द त्यांचा की माझा?

पण खरं दुखणं सहा नंबरचं आहे.

सहा नंबरची एका जागी वाचली जात नाही. फ्लॉपीवर मजकूर ५१२ बाइटच्या तुकड्यांत असतो, त्यातला एक तुकडा गेलाय. मराठीचे सत्तर-ऐंशी शब्द धर. टाळेबंदीचं प्रकरण आहे. अण्णा लिहितात की सात महिने पगार नव्हता, वागळे इस्टेटमधून सायकल हातात धरून चालत यायचो, टायर झिजू नये म्हणून. मग: 'शेवटी तिच्या बांगड्या मोडल्या. जांभळी नाक्यावरून घरी आलो, पैसे तिच्या हातावर ठेवले, तेव्हा ती' आणि इथे तुटतं. पुढचा मजकूर सुरू होतो तो '...हे मी कधी विसरलो नाही.' इथून.

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मी काही बोललेच नव्हते." पुन्हा विचारलं तर उठून गेली.

सईने मला न सांगता ती रिकामी जागा एआयकडून भरून घेतली. मुलगी चांगल्या मनाने करत होती, मी तिला ओरडलो नाही. वाक्यं सुबक होती, आईच्या डोळ्यांत पाणी वगैरे आणलं होतं. मी पुसून टाकली. आमची आई अण्णांसमोर कधी रडलेली नाही.

सुध्या, तू तो मजकूर टाइप केला आहेस. मला एवढं आठवतं की एका रविवारी रात्री मी जिना चढत होतो आणि तू उतरत होतास. तू म्हणालास, "आज अण्णा मध्येच थांबले रे, पाणी मागितलं." आपलं फाँटवरून बिनसलेलं होतं, म्हणून मी 'बरं' म्हणून वर गेलो. काय सांगताना थांबले हे विचारलं नाही. तो हाच रविवार होता का? त्यांनी काय सांगितलं होतं? शब्द नाही आठवले तरी चालेल. आई काय म्हणाली, किंवा काही न म्हणता तिने काय केलं, एवढं आठवलं तरी मला सांग. आठवत नसेल तर तसं सांग, मी ती जागा रिकामीच ठेवीन.

घर सोडण्याआधी त्याच हॉलमध्ये सगळं आईला वाचून दाखवायचं ठरवलंय, उजव्या कानाच्या बाजूला बसून.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं का? अमेयला नोकरी लागल्याचं कळलं, मनापासून अभिनंदन, त्याला सांग. सांगलीत पाणी चढलं तर लगेच कळव, मागच्यासारखं लपवू नकोस.

शनिवारी रात्री साडेनऊनंतर फोन कर. आई तोवर झोपते. त्या सहा नंबरच्या पट्टीवर, 'अण्णा ६'च्या खाली, तू पेन्सिलने बारीक 'बांगड्या' असं लिहिलं आहेस. बाकीच्या दहांवर नुसते आकडे आहेत.

तुझा,
विन्या