थांब्यांची नावं कुणी लिहून ठेवलीयेत का?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्राचा विषय जरा वेगळाय, हसू नका. मी मिरजेत राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेलं दीड वर्ष रात्री जेवण झालं की लॅपटॉपवर सांगली-मिरज सिटी बस उभी करत बसलोय. ओमसी २ म्हणून बस चालवायचा एक गेम आहे, जर्मनीत बनलेला, २०१३ चा. त्यात मुळात बर्लिनचा श्पांडाउ भाग आणि तिथली ९२ नंबरची बस आहे, पण सोबत एडिटर पण मिळतो, त्यामुळं लोक आपापल्या गावचे रस्ते, थांबे, टाइमटेबल त्यात घालतात. हॅम्बर्ग आहे, शिकागो आहे, मग म्हणलं सांगलीनंच काय घोडं मारलंय.

घरच्यांच्या मते हा टाइमपास आहे. असेल. पण यात मला एक गोष्ट कळली ती तुमच्या वाचकांच्या कामाची आहे म्हणून लिहितोय.

रस्ते काढणं अवघड नाही. नकाशा तीनशे मीटरच्या चौकोनांत कापलेला असतो, खाली सॅटेलाइटचा फोटो ठेवायचा आणि त्यावरनं रस्ता ओढत न्यायचा. स्टँड, राममंदिर, पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, विलिंग्डन, वानलेसवाडी असं करत मी मिरजेत पोचलो. आठ-दहा किलोमीटरला चार महिने गेले. इमारती ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केल्या. हरिपूरच्या फाट्याला मात्र मजा झाली, तिथली खरी ओळख म्हणजे हळदीची पेवं आणि ती सगळी जमिनीखाली, गेममध्ये दाखवायचं काय? (२००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली ते वेगळंच.)

खरी गंमत गाडीची. त्या जर्मन गाड्या ऑटोमॅटिक आणि तिकीट ड्रायव्हरच देतो, सुट्टे पण तोच मोजतो. आपल्याकडं कंडक्टरशिवाय गाडी हलत नाही. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड कंडक्टर काका आहेत, त्यांना पहिल्यांदा दाखवलं तर मी गाडी सुरू केल्या केल्या ओरडले, अरे डबल बेल कुणी दिली? आणि मग फलाट. श्पांडाउला बस थांब्यावर येते आणि सरळ पुढं जाते, आपल्या एसटी स्टँडवर गाडी तोंड आत घालून लागते आणि निघताना रिव्हर्स घ्यावी लागते, कंडक्टर मागं उभा राहून शिट्टी मारतो. गेममध्ये शिट्टी मारणारा माणूस नाही, तो मला मुद्दाम बसवावा लागला. रस्त्यावरची बाकीची वाहनं पण गेममध्ये आपोआप चालतात, सिग्नल पाळतात, लेन सोडत नाहीत, वडापची शेअर जीप हात दाखवला तिथं थांबत नाही. काका म्हणाले हे सगळं ठीकय पण ही सांगली नाही वाटत, जर्मनीच वाटती. नंबरप्लेटवर मात्र त्यांनी शाबासकी दिली, कारण सांगलीच्या गाडीला मी एमएच १० न टाकता एमएच १४ टाकलं होतं. लाल गाडीची बॉडी एसटीच्या पुण्याजवळच्या दापोडीच्या वर्कशॉपात बांधली की पासिंग तिकडचं होतं, संभाजीनगरची असली की एमएच २०, हे नवीन लोकांना माहीत नसतं.

आता मुद्दा. पाटीवर काय दिसणार आणि वाटेत कुठले थांबे येणार याची यादी एका फाइलमध्ये टाइप करून द्यावी लागते, त्याशिवाय गेममधल्या बसची पाटी चालत नाही. इथं मी अडकलो. कारण थांब्यांची नावं लिहिलेली कुठं सापडेनात. कित्येक ठिकाणी नुसता खांब, कुठं शेड आहे तर त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स, कुठं काहीच नाही, लोक उभे राहतात म्हणून तो थांबा. एका ऑफिसात टाइमटेबल मागायला गेलो तर तिथले साहेब म्हणाले कशाला पाहिजे, मी खरं ते सांगितलं, त्यांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. माणूस चांगला होता, पण कागद काही मिळाला नाही. मग आठवडाभर सकाळी स्टँडवर वही घेऊन उभा राहिलो आणि गाड्या सुटायच्या वेळा लिहिल्या.

नावांचं तर अजून अवघड. एक थांबा आहे, काका त्याला बंद पडलेल्या टॉकीजच्या नावानं ओळखतात, माझी आई तिथल्या जुन्या पिठाच्या गिरणीच्या नावानं आणि माझ्या वर्गातली पोरं आता झालेल्या शोरूमच्या नावानं. खांब एकच. मी शेवटी काकांचं नाव टाकलं कारण पंचवीस वर्षं कंडक्टर तेच नाव ओरडत आला. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, मिशन हॉस्पिटल १८९४ चं, सगळं इंग्रजांच्या काळातलं, ती नावं टिकली कारण तिथं मोठी इमारत उभी आहे. गिरणीचं तसं नाही, गिरणी गेली आणि ते नाव घेणारी माणसं गेली की संपलं.

अजून एक. ओमसीत तारीख बदलली की नकाशा पण बदलू शकतो, बर्लिनच्या नकाशात १९८९ पुढं गेलं की भिंत पडते आणि बसचे रूट बदलतात. मी ते बघितलं आणि लगेच ऑगस्ट २०१९ चा पूर करायला घेतला. आपल्याकडं सगळं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट यावरनंच मोजतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका, तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलेलं. पाणी कुठपर्यंत होतं याचे फोटो ढिगानं मिळाले. पण त्या दिवसांत कुठली बस कुठपर्यंत गेली, मिरजेकडनं येणारी गाडी कुठनं परत फिरायची, हे काकांना सोडून कुणाला सांगता येईना, आणि ते तरी त्यातले दोनच दिवस ड्यूटीवर होते.

म्हणून दोन विनंत्या. थांब्यांचं काम ज्यांच्याकडं असेल त्यांनी खांबावर नुसतं नाव जरी रंगवलं तरी खूप झालं, डिजिटल बोर्ड वगैरे नको, ऑइलपेंट चालेल. आणि वाचकांपैकी कुणी ड्रायव्हर, कंडक्टर, कंट्रोलर असेल किंवा घरात कुणी होतं, तर जुनी डायरी, ड्यूटीचा कागद, मशीनच्या आधीची चिमट्यानं भोक पाडलेली तिकिटं, थांब्याचे फोटो, जे असेल त्याचा फोटो काढून तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवावा, मी येऊन घेऊन जाईन. रिव्हर्सच्या शिट्टीचं बरं रेकॉर्डिंग असलं तर ते पण पाहिजे, माझ्याकडं आहे त्यात मागनं वडापवाल्याचं 'मिरज मिरज मिरज' ऐकू येतं.

आपला,
एक बसवेडा वाचक, मिरज