आई-बाबा, मी डी.एल.एड.ला प्रवेश घेतला आहे

तीर्थस्वरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

नोकरीचा विषय काढला की बाबा लगेच फोन आईकडे देतात, म्हणून लिहून कळवते आहे. विमा कंपनीने माझा राजीनामा मंजूर केला आहे आणि दादरच्या एका अध्यापक विद्यालयात मी डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला, प्रवेश घेतला आहे, शुल्कही भरले.

एम.कॉम. झालेल्या मुलीने बारावीनंतरच्या मुलांबरोबर काय बसायचे, शिकायचेच तर बी.एड. का नको, असे बाबा म्हणणार हे ठाऊक आहे. परंतु नुसत्या बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही, तसा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे, आणि मला तर तीच मुले शिकवायची आहेत. शनिवारी ज्या पालिका शाळेत जात असे, तिथे तिसरीतल्या एका मुलाने २७ आणि १५ यांची बेरीज ३१२ लिहिली होती. सात आणि पाच बारा, दोन आणि एक तीन. त्याच्या हिशेबाने सारे बरोबरच. काड्या आणि दहा-दहाचे गठ्ठे पुढे ठेवल्यावर सुट्या बारांतून त्याने आपणहून दहा मोजून गठ्ठा बांधला आणि म्हणाला, "बेचाळीस!" बाबा, ओटीवर चिंचोके मांडून तुम्ही मला हेच शिकवले होते, आणि मी अडले की आई स्वयंपाकघरातून हळूच उत्तर सांगायची.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. पुढे टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर, अभियोग्यता चाचणी आणि मग पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरून होणारी शिक्षक भरती. ती केव्हा निघेल याचा भरवसा नसतो, हे लपवत नाही. तरी दादाच्या वेळेसारखे होणार नाही. शिल्लक पुरेशी आहे, संध्याकाळच्या शिकवण्या ठरल्या आहेत, लालबागला आत्याच्या खोलीचे भाडे नाही आणि खालच्या काकू डब्यात रोज ताजी पोळी-भाजी, शिवाय न मागता ताकही देतात. तुम्हाला दरमहा पाठवते त्यात काही कमी होणार नाही.

बाबा, बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता दिवाळीपलीकडे ढकलायची नाही; मला सुट्टी असेल, मी येते. आई, पाण्याची कळशी तू उचलायची नाहीस, पंप दुरुस्त करून घे, पैसे पाठवले आहेत. रागावला असाल तर दोन दिवस रागवा, पण रविवारी फोन उचला.

तुमची,
छोटी