‘तुम्ही हे किती वेळा केलंय?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या मिरज-सांगली भागात ‘रोबोटिक शस्त्रक्रिया’, ‘दोन दिवसांत घरी’ असे फलक हल्ली जागोजागी दिसतात. ऑपरेशन थिएटरची परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या मला त्याबद्दल लिहावेसे वाटते.

पोटाला छोटी छिद्रे पाडून करायच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला, मग ती रोबोटच्या हातांनी का असेना, माझा विरोध नाही. १९९० साली डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि हळूहळू ते तंत्र आमच्यापर्यंत आले. मोठा छेद दिलेल्या बाया आठवडाभर कुशीवर वळताना कण्हायच्या. दुर्बिणीवाल्या दुसऱ्या दिवशी चालू लागल्या. पण पित्ताशयाऐवजी पित्तनलिकेलाच कात्री लागली, तर कावीळ, जंतुसंसर्ग आणि आणखी मोठे ऑपरेशन. १९९१ मध्ये अमेरिकेतील सर्जनांनी दीड हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. प्रत्येक सर्जन-गटाच्या पहिल्या १३ रुग्णांत ही इजा २.२ टक्के होती, त्यानंतरच्यांत ०.१ टक्का. त्या पहिल्या तेरांना आपण पहिले आहोत हे कोणी सांगते का?

हात बसला तरी तंत्र चांगलेच निघेल असे नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दुर्बिणीतून गर्भाशय काढणे रूढ होऊन गेले होते. २०१८ मध्ये ६३१ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष आले: साडेचार वर्षांनी पोट उघडून केलेल्यांपैकी ९६.५ टक्के रोगमुक्त होत्या, दुर्बिणीवाल्यांपैकी ८६ टक्केच. ही तुलना आधी व्हायला हवी होती.

म्हणून नवे तंत्र आणणाऱ्या सर्जनच्या सुरुवातीच्या रुग्णांच्या वेळी त्यातला अनुभवी सर्जन टेबलापाशी उभा असावा. दुर्बिणीने जमत नसेल तर ‘ओपन’ची, म्हणजे पोट उघडून करायच्या ऑपरेशनच्या हत्यारांची, ट्रे उघडायला सांगण्यात कमीपणा वाटू नये, वेळेवर तसे सांगणारे सर्जन मला नेहमीच मोठे वाटले. आणि संमतीपत्र! ट्रॉली आत ढकलताना नातेवाइकाची सही घेणे बंद व्हावे. आदल्या दिवशी, मराठीत, ‘ही पद्धत नवी आहे, मी ती इतक्या रुग्णांवर केली आहे, जुना पर्याय हा आहे’ असे डॉक्टरांनी स्वतः सांगावे.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने अशा प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंदवही सक्तीची करावी. घरी गेल्यावर झालेला त्रासही तीत लिहिला जावा. तालुक्याच्या दहा खाटांच्या नर्सिंग होमलाही यातून सूट नको. नवे यंत्र तिथे पोहोचते, शिकवणारा माणूस बहुधा पोहोचत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज